उजव्या कानाची खाच

आमच्या ह्यांना जुन्या क्रिकेट कार्डांचं वेड आहे. वेड घेण्याचं नाही, नुसतं बघण्याचं. परमेश्वर असं भारदस्त नाव लाभलेला हा माणूस जिल्हा परिषदेच्या शाळेत गणित शिकवतो आणि सुट्टीच्या दिवशी माझ्या झेरॉक्सच्या दुकानात खुर्ची अडवून बसतो. मोबाइलवर लोकांनी विकायला टाकलेली कार्डं चालू असतात. बबलगमच्या पाकिटात यायची ती. पुढे खेळाडूचा फोटो, मागे त्याच्या धावा आणि विकेटी. आम्ही लहानपणी गम चघळून थुंकायचो, आणि आता त्याच्यासोबतचं कार्ड लोक परदेशी पाठवतात. तिथले जाणकार भिंग लावून बघतात, दहापैकी मार्क देतात आणि कडक प्लास्टिकच्या डबीत कायमचं बंद करून परत पाठवतात. डबीवर लेबल असतं. कोपरे कसे, कडा कशा, डाग कुठे, सगळं त्याच्यावर. माझा दहावीचा पेपरसुद्धा कुणी इतका बारकाईने तपासला नसेल.

त्या रविवारी गेवराईत लाइट गेली होती. मशीन बंद, गिऱ्हाईक नाही. हे खुर्चीत रेलून हसले आणि म्हणाले, "बघ, आता उंदरानं खाल्लेली कार्डंबी विकायलेत लोक."

मी सहज वाकून पाहिलं. एका गोलंदाजाचा फोटो होता. कार्डाच्या वरच्या कडेला, कोपऱ्याशी, छोटा त्रिकोणी तुकडा काढलेला होता. उंदीर कुरतडतो तेव्हा कड फाटकी होते. हे दोन घावांत, धारदार पात्याने, एकदा इकडून आणि एकदा तिकडून कापलेलं होतं. मी ह्यांच्या हातातून फोन ओढून घेतला. मी कागदाच्या गठ्ठ्यावरच बसले.

"काय झालं गं?" हे म्हणाले.

"ही नाथाची कार्डं हायत," मी म्हणाले.

आम्ही धनगर. मेंढरं सगळी सारखीच दिसतात असं ज्यांना वाटतं त्यांना खुशाल वाटू दे. पण दोन कळप रानात एकमेकांत मिसळले की वेगळे करायला कान लागतो. प्रत्येक घराची, कानाला खाच मारायची जागा ठरलेली असते. आजोबांच्या कळपाची वाटणी झाली तेव्हा माझ्या वडिलांनी, धुळाजींनी, उजवा कान घेतला. त्यांचा धाकटा भाऊ बंकट, म्हणजे माझा काका, त्याने डावा घेतला. कोकरू जरा मोठं झालं की वडील त्याला मांडीत पाठमोरं दाबून धरायचे, वस्तऱ्याच्या दोन घावांत कानाचा तुकडा काढायचे आणि वर हळद दाबायचे. मी त्यांच्या खांद्यावरून बघत असायचे. कोकरू ओरडलं की मीच डोळे मिटायचे.

नाथा माझा मोठा भाऊ. त्याची शाळा चौथीत सुटली आणि काठी हातात आली. मला मात्र वडिलांनी शिकवलं. कशी कुणास ठाऊक, पण त्या पोराला क्रिकेटच्या कार्डांची गोडी लागली. रेडिओवर मॅच ऐकायचा, गावात आला की बबलगम घ्यायचा, गम मला द्यायचा आणि कार्ड ठेवून घ्यायचा. त्याला वाचता यायचं ते जेमतेमच, म्हणून कार्डाच्या मागचं मी वाचून दाखवायचे. एकदा ऐकलं की त्याच्या डोक्यात बसायचं. पुढे मीच आकडा चुकवला तर तो मला टपली मारायचा.

बाकीची पोरं कार्डं पळवायची. म्हणून नाथाने काय केलं, तर वडिलांचा वस्तरा घेतला आणि एकेका कार्डाला आमच्या कळपाची खाच मारली. "आता कुणी न्यायचं नाव घेऊ दे," म्हणाला, "कान बघून वळखीन." बंकटकाकाचा पोरगा सटवा आमच्याच वयाचा. त्याने लगेच आपल्या कार्डांना त्यांच्या घरची खाच मारली. दोघं संध्याकाळी दगडांची रांग लावायचे, कार्डं त्या दगडांना टेकवून उभी करायचे, आणि समोर उकिडवे बसून कळप घरी आल्यासारखी मोजायचे. नाथा मला म्हणायचा, "शिवे, बघ, कसे माज्याकडं तोंड करून यायलेत." मी हसायचे. एवढे मोठमोठे खेळाडू, आणि माझ्या भावाची मेंढरं.

नाथा गेला त्या वर्षी वडिलांना ताप होता. दिवाळीनंतर आमची दोन्ही घरं कळप एकत्र करून चराईला बाहेर पडायची. त्या वर्षी नाथा आमच्या घरातून एकटाच, कळप घेऊन, बंकटकाकाच्या आणि सटवाच्या संगतीने निघाला. पत्र्याच्या बिस्किटाच्या डब्यात त्याची कार्डं होती. तो डबा काकाच्या घोड्यावर, बोचक्यात बांधला. आई आमच्या गावच्या, उमापूरच्या, वेशीपर्यंत गेली होती. तिने मागून हाक मारली, भाकरी घेतलीस का म्हणून. निघालेल्या माणसाने मागे वळू नये, म्हणून नाथाने वळून न बघता नुसती काठी वर केली आणि तसाच गेला.

महामार्ग ओलांडताना पहाटे ट्रक आला. नाथा गेला, त्याच्यासोबत मेंढरं गेली. घरी आणलं ते गुंडाळून आणलं. तोंड उघडू नका, असं आणणाऱ्यांनीच सांगितलं. वडिलांनी पुढच्या वर्षी उरलेला कळप विकला आणि त्यानंतर तेही फार जगले नाहीत.

बंकटकाकाने तेव्हा चारचौघांत सांगितलं, "पोरगं चालता चालता डुलक्या घ्यायलं होतं." खरं असेल, खोटं असेल. पण जिचा मुलगा गेला तिच्या दारात उभं राहून कुणी असं बोलतं का? मी त्या माणसाशी त्या दिवसापासून बोललेले नाही. वर आईने डबा मागितला तर काकू म्हणाली, तिथंच रस्त्यावर सांडला असंल. डबा सांडला नव्हता. तो सटवाने ठेवून घेतला होता, हे मला नंतर दुसऱ्यांकडून कळलं. मी भांडायला निघाले तेव्हा तो पोट भरायला पुण्याला निघून गेला होता.

आई, बायडाबाई, अजून उमापुरातच राहते. काचबिंदूने तिचे दोन्ही डोळे गेले. घरात नाथाचा एक फोटो आहे, पण आईला त्याचा काही उपयोग नाही. ती आता सगळं हाताने ओळखते. मी गेले की माझ्या कानाच्या पाळ्या चाचपते, मग गाल. कधीतरी जेवता जेवता विचारते, "शिवे, त्यो डबा गावला का गं?" जणू मी येताना रस्त्यात बघत आले असेन. तिला नाथाच्या हातचं काहीतरी हातात हवं आहे. खाच त्याच्या हातची होती, आणि ती बोटाला लागते. म्हणून मी त्या रविवारी कागदावर बसून रडले.

विकणारा पुण्याचा. सोमेश्वर नाव. मी फोन लावला तर फार गोड बोलला. कार्डं एका संग्राहकाकडून आली होती, आणि त्याने ती बीडकडच्या एका वॉचमनकडून घेतली होती. सटवा पुण्यात वॉचमनच आहे. माझी खात्री झाली.

"पण ताई, ही घेऊ नका," सोमेश्वर म्हणाला. "ह्यांना मार्कच मिळालेले नाहीत. लेबलवर लिहिलंय, अस्सल आहे पण कापलेलं आहे. त्याच खेळाडूचं मी तुम्हाला स्वच्छ कार्ड देतो. आठ मार्कांचं आहे."

"मला स्वच्छ नको."

"बरं, मग एक आहे, कोपरा जरासा दुमडलेला. लांबून कळतही नाही."

"कळणारं द्या. खाच असलेलंच द्या. खाचेचा जवळून फोटो पाठवा."

तो हसला. मग म्हणाला, "ताई, मी एवढी वर्षं धंदा करतोय. दोष जवळून बघायला मागणारे पुष्कळ भेटले. दोष आहे म्हणून घेणाऱ्या तुम्ही पहिल्याच."

त्याने फोटो पाठवले आणि सोबत लेबलवरचं मराठी करून सांगितलं. भला माणूस. कार्डं दोन गठ्ठ्यांत होती. एका गठ्ठ्याच्या लेबलांवर होतं, खाच वरच्या कडेला, उजवीकडे. दुसऱ्यावर होतं, खाच वरच्या कडेला, डावीकडे. बाकी दोष दोन्हींचे सारखे. कडा झिजलेल्या, पृष्ठभागावर तेलकट डाग. तो डाग कसला ते परदेशातल्या जाणकाराला काय माहीत. मेंढीच्या लोकरीत हात घातला की बोटं तशी तेलकट होतात, आणि ते तेल धुऊनही जात नाही.

म्हणजे डब्यात दोघांची कार्डं एकत्र झाली होती. उजवीकडची नाथाची, डावीकडची सटवाची. लेबलावर छापलेलंच होतं, आणखी काय हवं? मी फोटो मोठे करून पुन्हा पुन्हा पाहिले. उजव्या बाजूची खाच बघितली की मला वडिलांचा खांदा दिसायचा आणि पलीकडे मांडीतलं कोकरू.

"दोन्ही गठ्ठे घ्या," सोमेश्वर म्हणाला. "कापलेल्याला गिऱ्हाईक नाही. दुसरा जवळजवळ असाच देतो."

"फुकट दिला तरी नको," मी म्हणाले.

हे बाजूला बसून ऐकत होते. म्हणाले, "घे की दोन्ही. सटवाबी तवा पोरगंच होतं. दोघं संगं खेळायची ना?"

"तुमी मदी पडू नका."

"अगं पण..."

"ज्या घरानं माझ्या भावाला झोपाळू म्हणलं, त्या घराची खूण मी आईच्या हातात देऊ? डबा दाबून ठेवणाऱ्याची? लाज न्हाई वाटायची मला?"

हे उठले. ह्यांचा स्वभावच तसा आहे. मी तापले की हे हिशेब अर्ध्यावर सोडल्यासारखे उठतात आणि चहा ठेवतात. तेव्हा मला वाटलं, जिंकले. खरं म्हणजे ह्यांनी त्या दिवशी माझ्याशी भांडायला हवं होतं. मी उजवा गठ्ठा घेतला. सोमेश्वरने दोनदा बजावलं, "डबी फोडू नका हं ताई, फोडली की कार्डाला किंमत नाही." मी हो म्हणाले. आईला फोनवर सांगितलं, "गावला गं डबा. डबा न्हाई, पन कार्डं गावली." तिने ते माझ्याकडून दोनदा वदवून घेतलं. मग म्हणाली, "कवा यायलीस?"

पार्सल आलं तेव्हा हे शाळेत होते. मी दुकानाचं शटर ओढलं, डब्या पर्समध्ये घातल्या आणि स्कूटी काढली. उमापूरच्या रस्त्याला ऊन होतं, दोन्ही बाजूंना ऊस. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं. वीस-बावीस वर्षांनी मी माझ्या भावाला घरी घेऊन चालले होते.

उमापूर जवळ आलं तिथे रस्त्याच्या वळणावर मेंढरं आली. पूर्ण रस्ता भरून, माझ्याकडेच तोंड करून. मी स्कूटी बंद करून पाय टेकले. मागे एक म्हातारा काठी टेकत येत होता. डोक्याला पटका, पाठीत वाकलेला. जवळ आल्यावर ओळखलं, बंकटकाका.

त्यानेही मला ओळखलं. थांबला. "शिवे, घरी निगालीस?" म्हणाला. "बायडा वैनी कशी हाय?"

मला बोलायचं नव्हतं म्हणून मान खाली घातली आणि समोरच्या मेंढ्यांकडे बघत राहिले. एक मेंढी अगदी स्कूटीच्या चाकापाशी येऊन उभी होती, माझ्या तोंडाकडे बघत. तिच्या कानाला खाच होती. ती खाच माझ्या उजव्या हाताला होती.

काकाची मेंढरं म्हणजे डावा कान. मेंढीचा डावा कान. ती माझ्याकडे तोंड करून उभी होती म्हणून तो मला उजवीकडे दिसत होता.

मी पर्समधून एक डबी काढली आणि मेंढीच्या तोंडाशेजारी धरली. गोलंदाज माझ्याकडे बघून हसत होता. खाच उजवीकडे, जशी मेंढीची तशीच. माझ्या डोळ्यांसमोर दगडांची रांग आली आणि समोर उकिडवा बसलेला नाथा. माज्याकडं तोंड करून यायलेत. त्याने खाच कार्डाला मारलीच नव्हती, फोटोतल्या माणसाच्या कानाकडे मारली होती, आणि सटवाने त्याचं बघून तशीच आपल्या घरच्या, डाव्या कानाकडे. माझ्या पर्समध्ये होती ती सगळी सटवाची होती. नाथाची मी फुकट दिली तरी नको म्हणाले होते.

लेबल लिहिणाऱ्याचं काहीच चुकलं नव्हतं. त्याच्या दृष्टीने तो कागद होता आणि कागदाची उजवी बाजू म्हणजे उजवी बाजू. पण मी धनगराची मुलगी. कोकराचा कान मांडीत पाठमोरा पाहिलेली. समोरून येणाऱ्या जनावराचा उजवा कान कुठला, हे मला कुणी सांगावं लागलं नसतं, जर मी लेबल वाचण्याऐवजी तोंड बघितलं असतं.

बंकटकाकाने मेंढरं बाजूला घेतली आणि वाट करून दिली. "जा, ऊन लागंल," म्हणाला. मी हललेच नाही. कळप निघून गेला, काकाची पाठ वळणावर दिसेनाशी झाली, तेव्हा मी सोमेश्वरला फोन लावला.

"तो दुसरा गठ्ठा," मी म्हणाले. "डावीकडच्या खाचेचा. तो मला हवा. म्हणाल तेवढ्याला."

"ताई, तो गेला की."

"कुणाकडे गेला? त्याच्याशी बोला. मी परत घेते त्यांच्याकडून."

"एका हॉटेलवाल्याने नेला. त्याला नुसती सजावट हवी होती. डब्या फोडून कार्डं टेबलांत बसवतो म्हणाला, वरून ते काचेसारखं रसायन ओततात ना, तसं. थांबा, मी विचारतो."

मी उसाच्या बांधाला स्कूटी लावून उभी राहिले. एक ट्रॅक्टर गेला. फोन वाजला.

"ताई," सोमेश्वर म्हणाला, आणि त्याच्या आवाजावरूनच मला कळलं. "ओतून झालंय. घट्ट झालं की कार्ड निघत नाही. काढायला गेलं तर चुरा होतो."

"मग टेबल द्या म्हणावं."

"वेगवेगळ्या टेबलांत विखुरलीत हो. हॉटेल चालू झालंय." मग त्याने विचारलं, "ताई, काय होतं त्या कार्डांत?"

त्याला काय सांगणार होते? मी फोन ठेवला. आता कुणीतरी रोज नाथाच्या कळपावर चहाचा कप ठेवणार होतं आणि फडक्याने पुसणार होतं. मला त्या हॉटेलवाल्याचा राग आला नाही, सटवाचाही नाही, काकाचाही आला नाही. एवढी वर्षं जपलेला राग होता, आणि ऐन वेळी तो कुठे गेला कळेना. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून मोठ्याने रडले. जाणारा एक मोटरसायकलवाला थांबला आणि पेट्रोल संपलं का म्हणून विचारलं.

परत फिरावं असं मनात आलं. आईला सांगावं, पार्सल आलंच नाही. पण तिला मीच सांगितलं होतं, आज येते.

घरी गेले तर आई ओसरीत बसलेली. न्हालेली होती. ठेवणीतलं लुगडं नेसलेली. शेजारची सुरेखा दारात होती. ती म्हणाली, "सकाळपासून तीनदा हात धुतलेत मावशीनं. नाथाची वस्तू यायली म्हणून." आणि आम्हाला दोघींना सोडून ती घरी गेली.

"आलीस?" आईने हात पुढे केला. माझ्या कानाची पाळी चाचपली, गाल चाचपला. तिचं बोट ओलं झालं. "रडायलीस व्हय? रड. मीबी सकाळी रडून घेतलं."

मी डबी तिच्या हातात दिली. तिने ती चारी बाजूंनी फिरवली, नखाने टकटक केलं. "ह्ये तर काच हाय. त्यो कुठं हाय?"

"आत हाय. थांब."

मी तिच्या पान-सुपारीच्या चंचीतला अडकित्ता घेतला आणि डबीची कड चिमटीत धरून फोडली. कट्कन आवाज झाला. परदेशातून आलेलं लेबल ओसरीत पडलं. कार्ड बाहेर काढलं तेव्हा माझ्या बोटांना ते फार हलकं लागलं, जुन्या पिंपळपानासारखं. अजूनही मी खरं सांगू शकत होते. म्हणायचं, आई, चुकलं माझं, हे सटवाचं आहे, नाथाचं गेलं. तिने तळहात उघडा करून पुढे धरला होता. मेंढीला मीठ चारताना धरतात तसा.

मी कार्ड तिच्या तळहातावर ठेवलं.

तिने घाई केली नाही. आधी खालची कड, मग बाजू, मग वर. बोट खाचेपाशी आलं आणि थांबलं. त्रिकोणात बोटाचं टोक बसलं. पुन्हा बाहेर आलं, पुन्हा आत गेलं. तिचे ओठ हलत होते. मला वाटलं झालं, आता ती काही विचारणार नाही.

मग कान डावा की उजवा हे ठरवायच्या आधी धनगराची बाई विचारील तेच तिने विचारलं.

"तोंड कुनीकडं हाय ह्याचं?"

फोटोतला गोलंदाज तिच्याकडे बघून हसत होता. खाच तिच्या उजव्या हाताला होती. मी खरं बोलले असते तर तो डावा कान झाला असता.

"पलीकडं हाय," मी म्हणाले. "पाठमोरा हाय, आई."

बोट खाचेतच होतं. बाहेर कुणाची तरी शेळी ओरडली.

"पाठमोऱ्या मानसाचा फोटू कोन काढतंय, शिवे?" ती हळूच म्हणाली.

मी तिचा दुसरा हात धरला. त्या हाताला साबणाचा वास होता. तिने तो सोडवून घेतला नाही. कार्ड उचलून तिने गालाला लावलं, कानापाशी नेलं, आणि मग दोन्ही हातांनी लुगड्याच्या पदरात गुंडाळून मांडीत घेतलं.

"असंल पाठमोरा," आई म्हणाली. "गेला तवाबी पाठमोराच गेलता. त्योच असंल."